भैरूची सावड

महाड,
२४ सप्टेंबर

सौ. शर्मिलास जयभीम.

पत्र बघून हसशील. महाडहून पोलादपूरला माणूस चहा प्यायला जाऊन येतो, पत्र कोण लिहितं? पण तुझा फोन लागत नाही, आणि लागलाच तर "पाखरं हाकायला चाललेय" म्हणून ठेवून देतेस. सुनील रोज उमरठहून मोटरसायकलवर कंपनीत येतो, त्याच्या डब्याच्या पिशवीत ही चिठ्ठी घालतोय. अकरा वर्षं तो माझ्या हाताखाली होता. मला रिटायर होऊन पाच वर्षं झाली तरी अजून माझ्यासमोर बिडी लपवतो, तेव्हा पत्र उघडायची त्याची छाती नाही.

"चार दिवस आईचं घर उघडून, झाडून येते" म्हणालीस, त्याला आज पंधरा दिवस झाले. तुझी आई जाऊन सहा वर्षं झाली. एवढी वर्षं घर बंद होतं तेव्हा तुला झाडू आठवला नाही. जूनमध्ये तुझी नर्सची नोकरी संपली, शाल मिळाली, नारळ मिळाला, मला वाटलं आता दोघं निवांत बसू. पाच वर्षं मी एकटा बसून तुझी जागा धरून ठेवली होती. तू आलीस आणि तीन महिन्यांत उठून गेलीस.

मी मजेत आहे. सकाळी चहा, पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी चवदार तळ्यावर चार पेन्शनरांबरोबर फेरी. दुधाचं पातेलं नवीन आणलं, जुनं टाकून दिलं. समोरची दीप्ती दोनदा येऊन तुझी चौकशी करून गेली.

तुझी लसीकरणाच्या जुन्या फॉर्मच्या पाठी लिहिलेली चिठ्ठी मिळाली. तीत माझी विचारपूस दीड ओळ आणि भाताचं कौतुक दोन फॉर्म भरून. "सकाळी बांधावर उभं राहिलं की ओल्या भाताचा असा वास येतो की पोट भरतं." भरत असेल तर सरकारला कळव, रेशन वाचेल. आणि पुढे, "भैरूदादा म्हणतात, असा वास दहा वर्षांत सुटला नव्हता." हा भैरू म्हणजे तो वरच्या वाड्यावरचा म्हशीवालाच ना? नाव ऐकलंय, तोंड कधी पाहिलेलं नाही. त्याला भाताच्या वासाचा हिशेब ठेवायला सांगितलाय कोणी?

त्याने पाठवलेला चिबूड पाणचट निघाला. निरोप दे.

भिकाजी

&nbsp;

महाड,
२ ऑक्टोबर, दसरा

शर्मिलास जयभीम.

आज धम्मचक्र प्रवर्तन दिन. पांढरा शर्ट स्वतः इस्त्री केला, कॉलर थोडी जळली, आत दुमडून घातला. विहारात वंदना झाली. सगळे जोडीने आले होते. श्रीपत गुरुजींनी विचारलं, "वहिनी अजून माहेरीच?" मी म्हटलं, "भात आहे." ते म्हणाले, "असं का, भात आहे." त्या माणसाला एवढंसं वाक्य सुद्धा कुजकट बोलता येतं.

सुशांतचा पनवेलहून फोन आला होता. सूनबाई मानसी म्हणाली, "आईंनी फोटो पाठवलाय, किती तजेलदार दिसतात." मला फोटो पाठवला नाहीस. तुझ्या वाडीतल्या पाण्याच्या टाकीजवळ रेंज येते ती फक्त पनवेलपर्यंत जाते, महाडपर्यंत येत नाही, हे मला नवीनच कळलं.

आता तुझ्या दुसऱ्या चिठ्ठीचं बोलू. जूनमध्ये पैसे पाठवून लावून घेतलेलं हळवं, लवकर पिकणारं भात कापून झालं म्हणतेस. भैरू आणि त्याची बायको चंद्राबाई दोन दिवस तुझ्या खाचरात राबली, आता त्यांचं गरवं, उशिरा पिकणारं भात तयार झालं की तू दोन दिवस त्यांच्याकडे राबणार. मजुरी नाही, दिवसाला दिवस. सावड. मला सावड समजावून सांगायची गरज नव्हती, मीही नाते गावच्या पोरांबरोबर चिखलात वाढलोय. कंपनीत लागलो म्हणून काय विळा धरायचा विसरलो? तुला माणूस हवा होता तर मला बोलवायचं. मला न बोलावता म्हशीवाल्याशी सावड घालतेस. अशाने तुझा त्याच्याशी घरोबा होणार नाही तर काय होणार?

शिवाय खरवस. म्हैस व्याली, चंद्राबाईने गुळातला खरवस केला, वर जायफळ, आणि "वासानेच जीव निवतो." करांद्याचे कंद उकडले, नाचणीची कोवळी कणसं भाजली, संध्याकाळी अंगणात बसून डोंगरावरची सोनकीची पिवळी फुलं बघितली. शर्मिला, तू नर्स होतीस तेव्हा तुला बसायला वेळ नव्हता. डबा हातात घेऊन उभ्याने खायचीस. आता एकदम खरवस, करांदे, सोनकी. हे सगळं तू कुठे साठवून ठेवलं होतंस?

मला हेवा वाटतो म्हणून लिहीत नाही. लोक काय म्हणतील म्हणून लिहितोय.

भाद्रपद पौर्णिमेचं अजून मनात धरलं असशील तर सोडून दे. वर्षावासाची पौर्णिमा, विहारात पन्नास माणसं, तू केलेली खीर, आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "हिच्या हाताची चव गेली." म्हणालो. नाकारत नाही. पण मला जे लागलं ते बोललो. बाकीच्यांनी दोनदोनदा वाटी पुढे केली ती तुझ्या मानासाठी, आताच रिटायर झालेली बाई म्हणून. नवऱ्याने तरी खरं बोलू नये का?

दिवाळीच्या आधी ये.

भिकाजी

&nbsp;

महाड,
१३ ऑक्टोबर

शर्मिलास,

आजच्या पत्रात गोड काही नाही, आधीच सांगतो.

सुनील म्हणत होता तुझं बरं चाललंय. काल म्हणे निळी साडी खोचून बांधावर बसली होतीस. भैरू तळहातावर भाताचे दाणे चोळतो, आधी स्वतःच्या नाकाशी नेतो, मग तोच हात तुझ्यापुढे धरतो. आणि तू डोळे मिटून वास घेतेस. छत्तीस वर्षांत मी तुला दिलेल्या कुठल्या वस्तूला तू डोळे मिटले नाहीस. पैठणी आणली तेव्हा सुद्धा आधी पिशवीत बिल शोधलंस.

नंतर कसल्याशा बोलण्यावर एवढी हसलीस की पदर तोंडाला लावलास. आपल्या घरात तू शेवटची असं कधी हसलीस ते मला आठवेना. काल रात्रभर तेच आठवत बसलो.

त्या माणसाकडे काय आहे, सांग. पेन्शन नाही, फ्लॅट नाही, डोक्याला मळकट मुंडासं आणि हातात काठी. तरी त्याच्यासाठी सगळा डोंगर फुललाय. मी पस्तीस वर्षं तीन पाळ्यांत घातली, नाइट शिफ्ट करून दिवसा झोपलो, उन्हाळा कुठला नि पावसाळा कुठला कळलं नाही. दरवर्षी भात कापायच्या दिवसांत बसच्या खिडकीतून पिवळी खाचरं बघायचो आणि म्हणायचो, रिटायर झालो की बघू. आता रिटायर झालोय, आणि ती खाचरं भैरू बघतोय, माझ्या बायकोला बाजूला बसवून.

केस तुझे पाठीमागून बरेच पांढरे झालेत. रंग लावणं सोडलंस का? आणि उजवा पाय ताठ ठेवून बसली होतीस, म्हणजे गुडघा पुन्हा धरलाय. ते तेल घेऊन ये म्हटलं असतंस तर आणलं असतं.

काय ते एकदा ठरव. दिवाळीला घरी येणार की नाही, तेवढं कळव.

भिकाजी

&nbsp;

महाड,
१६ ऑक्टोबर

शर्मिला,

तुझी चिठ्ठी मिळाली. एकच ओळ. "सुनील रविवारी सासऱ्याकडे नाते गावाला होता, वाडीवर नव्हताच, बघितलंत ते तुम्ही बघितलंत."

पकडलंस.

हो, मीच आलो होतो. सकाळची एसटी धरून पोलादपूर, तिथून उमरठची गाडी. दाढी केली होती. पाव किलो पेढे घेतले होते, तुझं गुडघ्याचं तेल खिशात होतं. येताना ठरवलं होतं की सहज आल्यासारखं करायचं, आणि "चल" म्हणायचं. ओढ्याच्या अलीकडच्या आंब्याखाली घाम पुसायला थांबलो, तर तुम्ही दिसलात. तिघं होतात. चंद्राबाईही होती, तुझ्या अगदी मांडीला मांडी लावून. मागच्या पत्रात तिला मी गाळली.

मी पुढे आलो नाही, कारण पुढे आलो असतो तर भैरूने तो हात माझ्याही पुढे धरला असता. पाव्हण्याला आधी देतात. मग मी काय म्हणालो असतो? "छान" म्हटलं असतं. आणि तू माझ्याकडे बघितलं असतंस. तू बघितलंस की मला खोटं निभत नाही, म्हणून तर विहारात तुझ्याकडे न बघता बोललो होतो.

आता लिहूनच टाकतो. मला वास येत नाही.

दोन वर्षं होत आली. आधी अगरबत्ती कळेना, मग फोडणी, मग काहीच. कंपनीमुळे, की कोरोनात काही राहून गेलं, की वयाने, मला माहीत नाही. डॉक्टरला दाखवलं नाही. दाखवलं असतं तर त्याने नक्की काय ते सांगितलं असतं, आणि मला ते नको होतं. तुला ठाऊक आहे, प्लांटवर माझं नाक म्हणजे मोठी चीज होती. कुठल्या पंपाचं सील ढिलं झालंय ते मी जिन्यात उभा राहून सांगायचो. साहेब म्हणायचे, मीटर नंतर बघा, आधी भिकाजीला बोलवा. माझ्याकडे डिग्री नव्हती, इंग्रजी नव्हतं, नाक होतं. ते गेलं हे कोणाला सांगायचं?

वासाबरोबर चव जाते हे मला ठाऊक नव्हतं. तिखट, मीठ, गोड, आंबट एवढं जिभेला कळतं, बाकी सगळं सारखंच. तुझ्या वालाच्या बिरड्यात आणि हॉटेलच्या उसळीत मला फरक राहिला नाही. खीर गोड होती, ते कळलं. पण वेलची नाही, जायफळ नाही, आटलेलं दूध नाही. समोर श्रीपत गुरुजी बोटं चाटत होते. त्यांच्या बायकोने घास घेतला आणि डोळे मिटले. सगळ्या विहारात एकट्या माझ्या वाटीत नुसता गोड गोळा होता, आणि तो माझ्याच बायकोने केलेला. मला त्या सगळ्यांचा एवढा राग आला, एवढा हेवा वाटला, की मी तुझ्या हाताला नावं ठेवली. तुझ्या हाताला काही झालेलं नाही, शर्मिला. चव माझी गेली.

पातेलंही जुनं झालं म्हणून टाकलं नाही. गेल्या महिन्यात अठरा तारखेला दूध गॅसवर ठेवून पेपर वाचत बसलो. दीप्तीने दार बडवलं तेव्हा उठलो. धूर डोळ्यांना दिसला, नाकाला त्याचा पत्ता नव्हता. ती दोनदा आली ती तुझ्या चौकशीला नव्हे, माझा गॅस बघायला.

रविवारी परत आल्यावर घरातलं सगळं एकेक करून नाकाला लावलं. फिनेल, बाम, कोथिंबीर, शेवटी तुझी कपाटातली हिरवी साडी. तिलाही काही नव्हतं.

मला भैरूचा हेवा वाटतो. चंद्राबाईचा वाटतो. सगळ्यात जास्त तुझा वाटतो. तुझ्या चिठ्ठ्यांत ओळीओळीला वास असतो आणि प्रत्येक ओळीला मी बाहेर उभा असतो. हे सुगीचे दिवस जगायचे कसे ते मला कळतं, पण मी तिथे येऊन काय करू? तुमच्या मध्ये दगडासारखा बसू? तू हुंगायचं, भैरूने हुंगायचं, आणि मी पेढ्यांची पुडी धरून उभं राहायचं?

पेढे एसटीत वाटले. तेल सुनीलकडे दिलंय. रात्री लावून गरम फडकं गुंडाळ.

तू ये म्हणत नाही आता. तुला वाटेल ते कर.

भिकाजी

&nbsp;

वाडी, उमरठ
२४ ऑक्टोबर

अहो,

जयभीम. दिवाळीची सुनीलला सुट्टी होती, म्हणून पत्र काल हातात पडलं. टाकीजवळ बसून वाचलं. रेंज होती, फोन करता आला असता, पण केला नाही. तुम्ही कागदावर सांगितलंत, मीही कागदावरच सांगते.

मला ठाऊक होतं. बत्तीस वर्षं नर्स होते मी, माझ्याच घरातला रोगी मला दिसणार नाही? गेल्या वर्षी पावसाळ्यात मी सुकट भाजत होते. अख्ख्या बिल्डिंगच्या खिडक्या धडाधड बंद झाल्या, आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारलंत, "आज काय करतेस?" तेव्हाच कळलं. वाटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. रोग्याने आपल्या तोंडाने सांगायचं असतं, नाहीतर औषध देऊन उपयोग नसतो.

खिरीला नावं ठेवलीत म्हणून मी घर सोडलं नाही. लागलं, खोटं कशाला बोलू. पन्नास माणसांत लागलं. पण मी दुसऱ्या दिवशी वाट बघितली, तिसऱ्या दिवशी बघितली. तुम्ही पेपर वाचत होतात. मग मी पिशवी भरली. दीप्तीला गॅसकडे लक्ष ठेवायला मीच सांगून आले होते. पातेल्याचं तिने त्याच दिवशी कळवलं. तेव्हा परत फिरावंसं वाटलं होतं, पण फिरले असते तर तुम्ही कधीच बोलला नसतात.

वासाच्या गोष्टी चिठ्ठीत मुद्दाम लिहायची, तेही कबूल करते. तुम्ही चिडाल आणि चिडून खरं बोलाल असं वाटलं होतं. तुम्ही चिडून म्हशीवाल्यावर घसरलात.

आता त्यांचं ऐका. भैरूदादांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. उजेडात माणसाची सावली तेवढी दिसते, दाणा दिसत नाही. ऑपरेशनला भितात. चार वर्षं ते सगळं नाकाने करतात. भात पिकलं की नाही, दूध नासलं की नाही, कोण आलं, कोण गेलं. काठी ती त्यासाठी आहे. मला म्हणतात, "बाय, डोळं मिट नि मंग हुंग. म्हंजी कळंल, मना कसं दिसतंय ता." म्हणून मी डोळे मिटते. तुम्ही आंब्याखालून बघितलंत ते हे होतं.

आणि पदर तोंडाला लावून हसले ते तुमच्यावरच. भैरूदादा मधेच म्हणाले, "वड्याकडनं पेढ्याचा वास येतोय. पाव्हना आलाय कोन तरी." पेढे म्हटल्यावर तुम्हीच असणार म्हणून मला हसू फुटलं; वळून बघेपर्यंत तुमची पाठ दिसली, पांढरा शर्ट, उन्हात तुरुतुरु चाललेला. मी हाक मारली नाही. हाक मारून आलेला माणूस मला नको होता.

सोमवारी त्यांच्या गरव्या भाताची उरलेली कापणी आहे. सावडीचा एक दिवस मी फेडला, दुसरा राहिलाय आणि गुडघा वाकत नाही. तेल पोचलं, लावतेय, पण सोमवारपर्यंत काही तो ऐकणार नाही. घरातलं दुसरं कोणी गेलं तरी सावड फिटते, म्हणून तुमचं नाव सांगितलंय. दादा म्हणाले, "दाजी कापतील? कंपनीतला मानूस त्यो." मी सांगितलं, त्यांना दिसतं सगळं, फक्त वास येत नाही. तसे ते म्हणाले, "मना दिसत नाय, त्यांना वास येत नाय. दोगांचा मिळून एक मानूस हाय की गो. येऊ दे त्यांना, हुंगायचं मी बघतो."

त्यांच्यापुढे लाजायचं काही नाही. तिथे तुम्ही दगड नाही होणार, चंद्राबाई कोणाला बसू देत नाही.

डॉक्टरकडेही जायचंय. कापणी झाली की तुमच्या नाकाला आणि त्यांच्या डोळ्यांना एकाच गाडीने नेते. ते म्हणाले, दाजी येतील तर मीही येतो. डोळे सुधारतील. नाकाचं मी आज काही सांगत नाही, खोटी आशा मी कधी कोणा पेशंटला दाखवली नाही. नाही आला वास तर नाही आला. कुठल्या दिवशी कसला वास सुटलाय ते मी सांगत जाईन, तुम्ही मागच्यासारखे चिडू नका म्हणजे झालं.

पहिल्या गाडीने या. जुना शर्ट घाला, पांढरा नको. विळा इथे आहे. पेढे आणा, दादांना अर्धवट वास देऊन तुम्ही पळून गेलात.

संध्याकाळी नव्या तांदळाची खीर करीन. कशी झाली म्हणून विचारणार आहे. "कळत नाही" असं सगळ्यांसमोर सांगायचं आणि वाटी पुढे करायची.

शर्मिला